जळूची साक्षीदार

दुपारी तीन-सव्वातीनला मालन पोवारचा फोन थरथरायचा. त्यावर एकच प्रश्न असायचा. ‘सर्जेराव यांनी आत्ता गोड खाल्लं का?’ खाली दोन बटणं. हो आणि नाही.

मालन गोठ्यात असो नाहीतर चुलीपुढं, अंगठा पदराला पुसायची आणि हो दाबायची. दाबताना तोंडातलं वाक्यही ठरलेलं. “खा बाबा, खा. आणखी एक बोट काढून दे डॉक्टरास्नी.”

बोटाचं सांगायला पाहिजे. सर्जेराव पोवार हा कासारमाळच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. गुऱ्हाळात बाकी सगळे हमाल, गुळव्या तेवढा कप्तान. रस काहिलीत अडीच-तीन तास उकळतो, मळी काढून काढून लाल होतो, फेसाळतो, आणि मग एक घटका अशी येते की आत्ता काहील उतरवली तर गूळ सोन्यासारखा, आणि चार श्वास उशीर झाला तर करपट ढेकूळ. ती घटका ओळखायची ती गुळव्यानं. सर्जेराव उकळता रस काठीवर घ्यायचा, गार पाण्यात बुडवायचा, दोन बोटांत त्याची गोळी वळायचा आणि बोटांना काय कळायचं कुणास ठाऊक, ओरडायचा, “उतरा!” आता ऊस बिनड्रायव्हरच्या ट्रकातून येत होता, चरक आपला आपण फिरत होता, मालकानं तर एक यंत्राचा हातही आणून बसवला होता. त्या हातानं पहिल्याच आठवड्यात सहा काहिली करपवल्या. तो आता कोपऱ्यात उभा असतो, त्यावर कामगार टॉवेल वाळत घालतात.

असा हा माणूस तीस वर्षं गुळात, आणि त्यातली वीस वर्षं शुगरवाला. आणि खादाड. भाचीच्या लग्नात मांडवामागं उभं राहून अकरा जिलब्या खाल्लेल्या. मोजल्या मालननं, आचाऱ्याला दमात घेऊन. पायाच्या जखमेकडं दुर्लक्ष, वर पँटच्या खिशात पेढा. दोन वर्षांपूर्वी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली तेव्हा कुठं डोळे उघडले. अंबाबाईची शपथ घेतली, आता गोडाला शिवणार नाही. मालननं मान डोलवली. विश्वास काही ठेवला नाही.

त्यानंतर आली जळू. कंपनीनं नाव काहीतरी झकास ठेवलं होतं, पण गावानं बघितलं की पोटाला चिकटते आणि महिनाभर सोडत नाही, म्हणून जळू. हिचं उलटं एवढंच, की ही रक्त पीत नाही, आत इन्शुलिन सोडते. दर पाच मिनिटांनी साखर मोजते, आपणच ठरवते किती सोडायचं. आणि बरगडीखाली तिची एक पट्टी असते, ती हृदयाचे ठोके ऐकते. सुया गेल्या, बोटं टोचणं गेलं. एक अडचण मात्र कंपनीला पहिल्याच वर्षी कळली. माणूस खाण्याच्या बाबतीत खोटं बोलतो. जगातला प्रत्येक शुगरवाला बोलतो. म्हणून जळूबरोबर घरातला एक साक्षीदार नेमायचा. साखर विनाकारण चढायला लागली की जळू पेशंटला विचारतच नाही, साक्षीदाराला विचारते.

सर्जेरावाची साक्षीदार मालन. जळू लावायला आलेल्या पोरीनं तिला सांगितलं होतं, “मावशी, तुम्ही फक्त खरं ते दाबा. पुढचं जळू बघून घेते.”

दिवाळीनंतर जळू लागली. पहिले दोन महिने फोन गप्प. संक्रांतीला गुऱ्हाळावर चौथी काहील सुरू झाली, हंगाम जोरात आला, आणि तेव्हापासून रोज दुपारी ठरल्या वेळी थरथर.

संध्याकाळी सर्जेराव घरी यायचा तो भिजलेल्या पोत्यासारखा. मालन दारातच उभी.

“हात दावा.”

“अगं, आत तरी येऊ दे.”

“हात.”

तो हात पुढं करायचा. ती वास घ्यायची. गुळाचा वास. गुळव्याच्या हाताला गुळाचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार?

“तोंड उघडा.”

“मालन, मी काय बैल हाय? दात बघतीयास ते?”

“बैल बरा. पेंड खातो, गूळ चोरत नाही.”

“न्हाई खाल्ला गं! अंबाबाईशप्पथ न्हाई खाल्ला!”

“मग साखर काय हवेतनं चढती? जळू खोटी आणि तुम्ही खरं?”

साखर चढायची हे खरंच होतं, त्यानंही फोनवर बघितलं होतं. मग तो भाकरीवर राग काढायचा. “डब्यात दोनच भाकरी घालतीस. दुपारी पोटात आग पडती. तूच काहीतरी करतीयास माझ्या जेवणात.” मालन म्हणायची, “होय, विष घालते.” आणि दोघं भिंतीकडं तोंड करून जेवायचे.

एक गोष्ट मात्र मालनच्या नजरेतून सुटली नव्हती. जेवता जेवता हा मधेच थांबायचा. घास हातात, डोळे कुठंतरी. मग हळूच डावा हात छातीवर ठेवायचा, आणि ती बघतीय असं दिसलं की सदऱ्याचं बटण चाचपडल्यासारखं करायचा.

“काय होतंय?”

“कुठं काय? बटण तुटलंय.”

बटण शाबूत होतं. मालननं मनाशी खूणगाठ बांधली. हा माणूस काहीतरी लपवतोय. आणि ह्याच्या बाबतीत लपवायची वस्तू एकच असते, ती गोड असते.

होळीच्या अलीकडच्या मंगळवारी तिनं ठरवलं, चोर रंगेहाथ धरायचा. एकच्या सुमाराला माळावरनं वळसा घालून ती गुऱ्हाळाच्या मागच्या अंगाला आली. तिथं रस काढून वाळत घातलेल्या उसाच्या चिपाडाचा ढीग असतो, पुरुषभर उंच. त्याच्या आड बसली. समोर काहील, काहिलीखाली चुलवाण, आणि चुलवाणाच्या तोंडाशी दस्तगीर जाळ घालत होता. दस्तगीर सर्जेरावाचा जुना जोडीदार. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले.

तो चिपाड घ्यायला मागं आला आणि दचकलाच.

“वहिनी? इथं काय करताय?”

“गप. जावा तुमच्या कामाला. मी नाही इथं.”

दस्तगीरनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा सर्जेरावाकडं. “तात्यानं बाई ठेवलीय असं वाटतंय काय तुम्हाला?”

“बाई परवडली असती. गूळ खातोय.”

“न्हाई वहिनी,” दस्तगीर म्हणाला. तो हसला नाही. “मी रोज असतोय. न्हाई खात.”

“तुम्ही त्यांचेच.” मालन म्हणाली. दस्तगीर चिपाडाची मोळी उचलून गेला.

ती बघत बसली. एक तास. दोन तास. सर्जेराव चुलवाणाला पोट लावून उभा होता, उघड्या अंगानं, कमरेला पंचा, आणि पंच्याच्या वर जळू चमकत होती. त्यानं मळी काढली. पाणी प्यायला. कामगारांना चार शिव्या घातल्या. काठी बुडवली, गोळी वळली, बादलीत टाकली. पुन्हा वळली, पुन्हा बादलीत. एकदाही हात तोंडाकडं गेला नाही. काहील उतरली. गूळ गार व्हायला वाफ्यात ओतला, पिवळाजर्द. तो मागं सरून सावलीत टेकला. घामानं असा निथळत होता की जणू विहिरीतून काढलाय. पण तिथं सगळेच निथळत होते.

आणि मालनचा फोन थरथरला.

‘सर्जेराव यांनी आत्ता गोड खाल्लं का?’

ती बघतच राहिली. समोर नवरा, हातात फोन. दोन तास पापणी लवली नव्हती. की लवली होती? दस्तगीर मधे आला होता तेव्हा? हा वाकून पाणी प्यायला तेव्हा पाठ होती ह्याची आपल्याकडं. तांब्यात काय होतं, कुणी बघितलं? दस्तगीरनं जाऊन सांगितलं असेल, वहिनी आल्यात म्हणून. हे दोघं मिळून मला खेळवतायत. यंत्राला काय पडलंय खोटं बोलायचं? त्याला ना जीभ ना पोट.

तिनं अंगठा पदराला पुसला आणि हो दाबलं.

सावलीतल्या सर्जेरावाच्या पोटावर एक बारीक हिरवा दिवा लागला आणि विझला. मालननं तो आयुष्यात पहिल्यांदा बघितला, कारण हो दाबताना नवरा कधी तिच्या समोर नसायचा. तिला काही उमगलं नाही.

अर्ध्या तासानं शेजारची काहील उतरायला आली. सर्जेराव पुन्हा चुलवाणाशी. आता मालन घरी निघाली होती, उठून लुगडं झटकलं होतं, तेवढ्यात तिला दिसलं की हा माणूस गप्प झालाय. शिव्या बंद. काठी हातात, पण काठी हलत नव्हती. पुढ्यात फेस चढत होता, रंग पालटत होता.

“तात्या, उतरायची काय?” दस्तगीर.

सर्जेराव काहिलीकडं बघत होता.

“तात्या! करपाय लागली! उतरू?”

सर्जेराव वळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “माझी सायकल कुणी नेली?”

त्याच्याकडं सायकल नव्हती. पंधरा वर्षांत नव्हती.

मालन चिपाडातून धावली. लुगड्याला चिपाडं, केसात चिपाडं. कामगार बाजूला झाले. तिनं नवऱ्याला काहिलीपासून मागं ओढलं तर अंग बर्फ. चुलवाणापुढं उभा असलेला माणूस आणि अंग बर्फ! त्यानं तिच्याकडं बघितलं, पण ओळख पटल्यासारखं दिसलं नाही.

“साखर पडलीय ह्यांची!” ती ओरडली. “दस्तगीरभाऊ, रस आणा!”

दस्तगीरनं चरकाखालून तांब्याभर उसाचा रस भरून आणला. दोन महिने ज्या माणसाचं तोंड हुंगून बघितलं, त्याच्या तोंडाला मालननं स्वतः तांब्या लावला. “गिळा. गिळा म्हणते ना. घोट घ्या.” अर्धा अंगावर सांडला, अर्धा आत गेला. दुसऱ्या हातानं तिनं पोटावरची जळू उपटली आणि फेकली. पट्टी तेवढी बरगडीला राहिली. मागं काहील करपली, सगळ्या शिवारात वास सुटला. तीस वर्षांत सर्जेरावाची पहिली.

पाच-सात मिनिटांनी त्याच्या डोळ्यांत माणूस परत आला. “तू? तू इथं कशी?” मग त्यानं छातीला हात लावला. “मालन, आत कोंबडी फडफडतीय गं.”

“बटण न्हवं ते?” ती म्हणाली, आणि त्याच्या हातावर आपला हात दाबला.

मालकाच्या गाडीतून तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. तिथली डॉक्टरीण कित्तूरबाई, वय असेल तीस-बत्तीस, बोलायला फटकळ. तिनं सर्जेरावाला तारा लावल्या, सलाईन लावलं, फेकलेली जळू दस्तगीरनं खिशात घालून आणली होती ती मागून घेतली, आणि तिच्यातला दोन महिन्यांचा सगळा हिशोब मोठ्या पडद्यावर उलगडला. साखरेची रेघ डोंगरासारखी वरखाली. कित्तूरबाई बघता बघता थांबली. बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

रोज दुपारी दोनच्या पुढं रेघ सरळ. पट्टीनं मारल्यासारखी. पाऊण तास सरळ, मग एकदम वर.

“माणसाची साखर सरळ रेघेत कधी चालत नाही,” ती म्हणाली. “आजी, हे काम कुठं करतात?”

“चुलवाणापुढं. पोट जाळाकडं करून.”

कित्तूरबाईनं कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून मालनपुढं बसली, आणि शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं.

“कातडी फार तापली की ह्या यंत्राला साखर मोजता येत नाही. मग ते काय करतं, आधीचा आकडा धरून तीच रेघ सरळ पुढं ओढतं. अंदाजानं. पण त्या मधल्या वेळात इकडं काय होतंय? तापलेल्या कातडीतून इन्शुलिन भराभर रक्तात जातंय. साखर धाडकन खाली. ते कुणी बघितलंच नाही. साखर खाली गेली की शरीर हाकाटी करतं. घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात.”

“गुऱ्हाळात सगळ्यांचंच तसं असतंय,” दस्तगीर म्हणाला.

“तेच ना. म्हणून कुणाला कळलं नाही. ह्यांना स्वतःलाही नाही, कारण रोज रोज साखर पडली की शरीराची हाकाटीही मंद होत जाते. आणि मग शरीर शेवटचा उपाय करतं. यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, साखर साठवलेली असते. ती रक्तात ओततं. साखर वर चढते. ह्यांनी काही खाल्लं नाही, आजी. ती साखर ह्यांच्या स्वतःच्या लिव्हरची.”

मालननं हातातला फोन पदराखाली घेतला.

“आणि हृदयाचं?” सर्जेरावानं पलंगावरून विचारलं.

“ठोका म्हणजे वीज असते, बाबा. ठोका पडला की हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी वीज परत भरावी लागते. त्याला रक्तातलं पोटॅशियम लागतं. साखर पडली आणि शरीरानं हाकाटी केली की ते पोटॅशियम रक्तातून पळून पेशींच्या आत घुसतं. मग भरायला उशीर. आणि वीज भरायच्या आत दुसरा ठोका आला की हृदय ठेच खातं. एक ठेच, दोन ठेच. कधी तसं पडतं की उठत नाही. धडधाकट माणसं जागच्या जागी जातात अशी. पट्टीनं तुमच्या ठेचा ऐकल्या होत्या, सगळ्या. पण त्यावर काय लिहून ठेवलंय माहितीय? ‘अंगमेहनत’.” ती पडद्याकडं वळली. “आता मला एक कळत नाही. साखर चढल्यावर प्रत्येक वेळी जादा इन्शुलिन सुटलंय. जळू आपणहून एवढं सोडत नाही. साक्षीदारानं खाल्लं म्हणून सांगितलं तरच सोडते. साक्षीदार कोण?”

मालननं फोन पदराखालून काढून पुढं धरला.

“मी,” मालन म्हणाली.

सर्जेरावानं मान वळवली.

“मला वाटलं नुसती तक्रार जाती. तुमच्याकडं.” ती कित्तूरबाईशी बोलत होती, पण बघत होती फरशीकडं. “आज मी सोता चिपाडाआड बसून बघत होते. दोन तास. ह्यांनी काही खाल्लं नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलं. तरी हो दाबलं.”

“का?” हे सर्जेरावानं विचारलं.

“यंत्र खोटं कशाला बोलंल, म्हणून.”

दस्तगीर चहाचं निमित्त काढून बाहेर गेला. कित्तूरबाईला दुसऱ्या वॉर्डात बोलावणं आलं. जाताना ती उशाशी असलेल्या पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, “हे चालू आहे. काही झालं तर तेच बोंबलेल. घाबरू नका.” पडद्यावर एक हिरवं बदाम ठुकठुकत होतं आणि खाली शब्द होता, ‘ठीक’.

दोघंच राहिली.

“चोर समजत होतीस मला.”

“होय.”

“दोन महिने.”

“त्याच्या आधीपासनं. जिलब्यांपासनं.”

सर्जेराव हसायला गेला, जमलं नाही. “आणि मी तुला. भाकरीत काहीतरी करतीस असं खरंच वाटायचं मला. रोज दुपारी जीव जायचा, आणि डबा तुझा.”

“मग बोलला का नाही? छातीचं?”

“बोललो असतो तर तू काहिलीवरनं उठवलं असतंस. आणि मला उठवून ते टॉवेलवालं यंत्र उभं केलं असतं.” त्यानं डोळे मिटले. “आणि तू म्हणाली असतीस, गूळ खाऊन नाटक करतोय.”

मालन तसंच म्हणाली असती. अगदी शब्दाला शब्द. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“आता सांगा. लपवू नका. आत्ता काय होतंय?”

“आत्ता बरं हाय.” तो थांबला. पुन्हा ते घास हातात धरून थांबल्यासारखं, डोळे कुठंतरी. “थांब. आत्ता एक चुकला.”

मालननं पडद्याकडं बघितलं. हिरवं बदाम ठुकठुकत होतं. ठीक.

“परत चुकला. दोन.”

हिरवं. ठीक. रुग्णालयाचं यंत्र, केवढं मोठं, किती तारा. आणि हा माणूस, मांडवामागं अकरा जिलब्या खाणारा, चांगलं बटण तुटलंय म्हणून सांगणारा. त्याच्या कपाळावर घामाचे बारीक मणी आले होते, आणि इथं चुलवाण नव्हतं.

ती उठली आणि दारात जाऊन अशी ओरडली की गुऱ्हाळावरही ऐकू गेलं असतं. “डॉक्टर! पळा! ह्यांचं काळीज चुकतंय!”

नर्स आधी आली. पडद्याकडं बघून म्हणाली, “मावशी, सगळं नॉर्मल आहे.”

“पडदा बघू नको, माणूस बघ!”

कित्तूरबाई धावत आली. तिनं बदाम बाजूला सारलं, त्याच्यामागची कच्ची रेघ उघडली आणि बोटानं मागं मागं ओढत गेली. टेकाड, टेकाड, टेकाड. मग एका टेकाडाचा उतार लांबलेला, आणि तो संपायच्या आत दुसरं वेडंवाकडं टेकाड त्यावर चढलेलं. पुढं तसंच आणखी एक. यंत्रानं त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘रुग्ण हलला’.

“पोटॅशियम आणा, मोठा वॉर्ड तयार करा,” ती नर्सला म्हणाली, आणि मग पाऊण तास तिथं कुणी कुणाशी एक फालतू शब्द बोललं नाही. मालन पायाशी उभी होती, चार बोटांचा पाय हातात घट्ट धरून. तिला कुणी बाहेर जा म्हणालं नाही.

साडेसहाला रेघ सरळ चालायला लागली. म्हणजे जशी चालायला पाहिजे तशी, वरखाली, पण न अडखळता. सर्जेराव झोपला. कित्तूरबाईनं घाम पुसला आणि मालनकडं बघितलं.

“आणखी दहा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. यंत्र गप्प होतं. तुम्हाला कसं कळलं?”

“ह्यांनी सांगितलं,” मालन म्हणाली.